मॅव्हिकाच्या फ्लॉप्या : ठाणे–नवी मुंबई प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

कामाची व्याप्ती आज ठरली. हातात सोनीचे दोन डिजिटल मॅव्हिका आहेत. एक १९९७ चा एमव्हीसी-एफडी७, नेरुळच्या सर्व्हेयर काकांचा. दुसरा १९९९ चा एफडी७३, नौपाड्यातल्या दातांच्या डॉक्टरांचा. दोन्ही कॅमेरे फोटो कॉम्प्युटरच्या साध्या साडेतीन इंची फ्लॉपीवर, म्हणजे प्लास्टिकच्या कवचातल्या चुंबकीय चकतीवर, लिहितात. चित्र ६४० बाय ४८०, म्हणजे एका मेगापिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. भिंग मात्र दहापट ऑप्टिकल झूमचं. आजच्या फोनवाल्यांनी हेवा करावा असं.

फ्लॉप्या वाचायच्या, त्यांच्या पूर्ण इमेज (म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल) काढून ठेवायच्या आणि ज्यांनी हे कॅमेरे वापरले त्यांच्याकडून वापराची हकीकत लिहून घ्यायची, एवढंच करायचं आहे. कॅमेरा चकाचक करून शोकेसमध्ये ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यात भर नको.

पहिला नियम लिहून भिंतीवर लावला: फ्लॉपी हातात आली की आधी कोपऱ्यातली खाच सरकवून भोक उघडं करायचं, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. दुसरा नियम: विंडोजच्या मशीनला फ्लॉपी दाखवायची नाही. वाचता आली नाही की ते लगेच विचारतं, ‘फॉरमॅट करू का?’ आणि ‘हो’ दाबणारं बोट प्रत्येक घरात एक तरी असतंच.

१४ जून

बॅटरीचा प्रश्न वाटला होता तितका अवघड निघाला नाही. एफडी७ ला लागणारी एनपी-एफ५५० जातीची बॅटरी आजही मिळते, कारण लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांचे एलईडी लाइट त्याच बॅटरीवर चालतात. स्टेशन रोडच्या दुकानदाराने आधी लाइट कुठला आहे ते विचारलं. कॅमेरा दाखवल्यावर आतल्या पोऱ्याला हाक मारून म्हणाला, “ये, बघ, ह्यात फ्लॉपी जाते!” पोऱ्याने फ्लॉपी म्हणजे काय ते विचारलं. पुढची दहा मिनिटं गिऱ्हाइकं खोळंबली.

एक पथ्य आहे. बॅटरीत इन्फोलिथियमची चिप हवी. कॅमेरा बॅटरीशी बोलतो आणि किती मिनिटं उरली ते पडद्यावर दाखवतो. चिप नसलेली स्वस्तातली बॅटरी घातली तर तो सरळ चालायला नकार देतो. लाइटला चिपची गरज नसते, म्हणून दुकानात दोन्ही तऱ्हेच्या असतात. कॅमेऱ्यात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एफडी७ सुरू झाला. फ्लॉपी फिरायला लागली की मुठीत जाणवते. एक फोटो लिहायला काही सेकंद घेतो आणि तेवढा वेळ त्याला दुसरं काही सुचत नाही.

२१ जून

डॉक्टरांकडे सकाळचे पेशंट संपल्यावर बसलो. त्यांची पद्धत पाहून टोपी काढावीशी वाटली. पेशंट तितक्या फ्लॉप्या. केसपेपरचं पाकीट, त्यात एक्स-रे आणि फ्लॉपी. ट्रीटमेंटच्या आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो सगळे त्या एकाच फ्लॉपीवर. पुढच्या वेळी पेशंट आला की पाकीट काढायचं, फ्लॉपी कॅमेऱ्यात घालायची आणि कॅमेऱ्याच्याच पडद्यावर त्याला त्याचे दात दाखवायचे.

“तेव्हा क्लिनिकमध्ये कॉम्प्युटर होता कुठे?” डॉक्टर म्हणाले. “माझ्या मित्राकडे कॅसिओचा तो फिरत्या भिंगाचा होता. फोटो काढायचा आणि मग केबल शोधत बसायचा.”

मित्राचं दुखणं त्या काळी सार्वत्रिक होतं. कॅसिओचा क्यूव्ही-१० आला १९९५ मध्ये. मागे पडदा असलेला, काढल्याकाढल्या फोटो दिसणारा. आत २ एमबी मेमरी आणि ३२० बाय २४० चे ९६ फोटो. पण ते बाहेर काढायचे तर सीरियल पोर्टला केबल लावायची, सॉफ्टवेअर घालायचं, आणि एकेक फोटो मुंगीच्या पावलाने उतरताना बघत बसायचं. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीला यूएसबी ठाऊकच नव्हतं. अशा वेळी सोनीने कॅमेऱ्यात थेट फ्लॉपी ड्राइव्हच बसवला, आणि प्रत्येक ऑफिसात असलेलं फ्लॉपीचं भोक हीच कॅमेऱ्याची केबल झाली. कॅमेरा त्यामुळे विटेएवढा झाला. चालवून घेतला लोकांनी.

डॉक्टरांना चित्राच्या दर्जाबद्दल विचारलं. म्हणाले, रंगाची छटा जुळवायला उपयोग नव्हता, दात पिवळट यायचे, पण वेडेवाकडे दात सरळ झालेले दिसायला एवढं चित्र रग्गड. आणि कठीण केस दादरच्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवताना चिठ्ठीबरोबर फ्लॉपी पेशंटच्याच हातात द्यायचे.

“परत यायची?”

“पेशंट यायचा,” डॉक्टर म्हणाले.

२८ जून

पाऊस लागून राहिलाय. डॉक्टरांच्या कोरड्या एसीतल्या फ्लॉप्या बहुतेक सगळ्या एका दमात वाचल्या. काकांच्या मात्र नेरुळच्या तळमजल्यावर, लोखंडी कपाटात, खाडीच्या हवेत पंचवीस पावसाळे काढलेल्या. पत्र्याची पट्टी सरकवून टॉर्च धरला की तपकिरी चकतीवर पांढरट ठिपके दिसतात, मधे दाट आणि कडेला विरत जाणारे. बुरशी.

अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर दोन तोटे. फ्लॉपी वाचणाऱ्या हेडखाली बुरशीबरोबर चुंबकीय थरही खरवडला जातो. आणि तो चिकटा हेडवर राहून पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर गोल चरा ओढतो. म्हणून वाईट फ्लॉपीनंतर दर वेळी हेड पुसायचं. कंटाळा केला तर पुढच्या माणसाचे फोटो आपल्या हातून जातात.

कृती अशी ठरली आहे. पत्र्याची पट्टी काढायची. प्लास्टिकच्या दोन फाळ्या नखाने उकलायच्या, चिकटवलेले कोपरे हळूच कटकट वाजतात. चकती मधल्या धातूच्या चाकाला धरून उचलायची, थराला बोट लावायचं नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनधाग्याचं कापड, आणि पुसायचं ते ट्रॅकच्या, म्हणजे माहितीच्या गोल रेषांच्या, दिशेने गोल, आडवं नाही. आतलं अस्तर बुरशीने भरलेलं असतं, ते पुन्हा वापरायचं नाही. नव्या फ्लॉपीचं कवच काढून त्यात ही चकती बसवायची. सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर. मगच ड्राइव्ह.

ड्राइव्ह मदरबोर्डवरच्या ३४ पिनांच्या सॉकेटला जोडलेला जुना, आतला. बाजारातले यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह धडधाकट फ्लॉपीला ठीक. आजारी सेक्टर (ट्रॅकचा छोटा तुकडा) आला की स्वतःच हात वर करतात. डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आधी सोपे भाग वाचून घेतं, अवघड जागा टिपून ठेवतं आणि मग पुन्हा पुन्हा त्यांच्यामागे लागतं. त्यालाही न जुमानणाऱ्या फ्लॉप्या बाजूला ठेवल्या आहेत, त्यांच्यासाठी ग्रीसवीझल बोर्ड मागवलाय. तो सेक्टर वगैरे मानत नाही. चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, अर्थ नंतर लावता येतो.

५ जुलै

काकांकडे. उद्या आषाढी, त्यामुळे काकूंनी आजच साबुदाणा भिजवून ठेवलेला आणि मला फराळासाठी उद्याचंही आमंत्रण.

काका मोटार विम्याचे सर्व्हेयर. ठोकलेली गाडी बघायची, फोटो काढायचे, नुकसानीचा अंदाज लिहायचा. तुर्भे, महापे, तळोजा. ठाणे–वाशी लोकल सुरू झाली २००४ ला. तोवर ठाणे–बेलापूर रस्ता आणि स्कूटर. रोलचा जमाना म्हणजे ३६ फोटो संपेपर्यंत थांबा, मग धुवायला टाका, मग प्रिंट. त्यात एखादा फोटो हललेला निघाला तर गाडी तोपर्यंत दुरुस्तही झालेली.

“ह्या पठ्ठ्याने काय केलं,” कॅमेऱ्यावर थाप मारून काका म्हणाले, “तिथल्या तिथे दाखवलं. चॅसिस नंबर वाचता येतोय का? येतोय. चल निघ. गॅरेजवाला मागाहून काही म्हणायला मोकळा नाही.”

तक्रारी पण मोकळेपणी सांगितल्या. डोळा लावायला खिडकीच नाही, सगळं मागच्या पडद्यावर. दुपारच्या उन्हात तळोज्याच्या यार्डात तो पडदा कोरा करकरीत दिसायचा, मग गॅरेजच्या पोऱ्याला पोतं धरून सावली करायला लावायची. डंपरच्या जवळ उभं राहिलं आणि इंजिन चालू असलं की थरथरीने फ्लॉपी लिहिताना अडायची. आणि खिशात कायम दोन-चार फ्लॉप्या, पावसात प्लास्टिकच्या पिशवीत.

पण खरी अडचण वेगळीच होती. विमा कंपनीचं एक ऑफिस फोटो घ्यायलाच तयार नव्हतं. “निगेटिव्ह कुठे?” रिपोर्टसोबत प्रिंट आणि निगेटिव्ह जोडायची हा रिवाज, आणि फ्लॉपीला निगेटिव्ह नाही. काकांनी इंकजेटवर प्रिंट काढून प्रत्येकावर सही-शिक्का मारला, फ्लॉपी पाकिटात घालून टाचणीने लावली. टाचणी फ्लॉपीतून आरपार गेलीय का ते बघायला त्या टेबलावर कोणी नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला आणि त्याच्याबरोबर पुरावा कायद्यात कलम ६५-बी आलं. इलेक्ट्रॉनिक नोंदीला पुरावा म्हणून उभं राहायला जागा मिळाली. त्याआधीची तीन वर्षं काका स्वतःच्या सहीवर फोटो खपवत होते.

क्लेम मिटला की फ्लॉपी परत मागायची आणि पुसून पुन्हा वापरायची. त्यामुळे त्यांच्या कपाटात आज जे आहे ते फक्त शेवटच्या फेरीचं.

१२ जुलै

शेवटच्या फेरीचं, पण तेवढंच नाही. फ्लॉपीवरची फाइल पुसली म्हणजे खरं तर यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर खोडलं जातं आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. चित्र तिथेच असतं, दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत. फाइल परत आणताना पहिलं अक्षर काय होतं ते आपल्याला सांगावं लागतं, आणि एरवी तिथेच घोडं अडतं. मॅव्हिकाच्या सगळ्या फाइलींची नावं एमव्हीसी-००१एफ अशा तऱ्हेची. पहिलं अक्षर कायम एम. इतकं सोपं कोडं मी दुसरं पाहिलेलं नाही.

चेपलेल्या बॉनेटांच्या मागे एका मुंजीचे फोटो निघाले. बटू, घेरा ठेवलेलं डोकं, मागे कोणाच्या तरी हातात कॅसेटवाला व्हिडिओ कॅमेरा. काकांना प्रिंट नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली.

“हे पनवेलला आहे की सगळं. मेहुण्याला फ्लॉप्याच देऊन टाकल्या होत्या. हे दोन-चार खराब आले म्हणून मी पुसले.”

म्हणजे माझ्या हाती लागलं ते टाकलेलं. चांगलं ते त्याच दिवशी घराबाहेर गेलं.

२० जुलै

बिघडलेल्या जेपीजीचा दिवस. एका फ्लॉपीत २,८८० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. एक सेक्टर गेला तर टक्केवारीत काहीच नाही, पण जेपीजीत दाबून भरलेला मजकूर मागच्याचा धागा पकडून पुढे वाचायचा असतो, रंगसुद्धा मागच्या चौकोनापेक्षा किती कमी-जास्त एवढाच नोंदलेला. मधला धागा तुटला की तिथून खाली सगळं चित्र सरकतं आणि हिरवं-जांभळं होतं. डोक्यापासून खांद्यापर्यंत माणूस, त्याखाली होळी.

फाइलींची यादी आणि कुठला तुकडा कुठे आहे त्याचा तक्ता, दोन्ही अगदी बाहेरच्या पहिल्या ट्रॅकवर असतात. तक्त्याच्या दोन प्रती असतात खऱ्या, पण दोन्ही शेजारी शेजारी, त्याच ट्रॅकवर. एकाच घराच्या दोन किल्ल्या एकाच खिळ्याला टांगाव्यात तसं. तो ट्रॅक गेला की सेक्टर क्रमाने चाळत जेपीजीच्या सुरुवातीची खूण शोधायची. कॅमेरा कोऱ्या फ्लॉपीवर एकापुढे एक लिहीत जातो, म्हणून हे काम वाटतं त्यापेक्षा बरं होतं.

आजची खरी कमाई म्हणजे ‘.४११’ नावाच्या फाइली. मॅव्हिका प्रत्येक फोटोसोबत त्याच नावाची, पण शेवटी .४११ असलेली छोटी फाइल ठेवतो. पडद्यावर एकाच वेळी बरेच फोटो दाखवायचे तर त्यासाठीचं हे बारकं चित्र, ६४ बाय ४८. लोकांनी कॉम्प्युटरवर ह्या फाइली उघडेनात म्हणून कचरा समजून पुसल्या. त्या जेपीजी नाहीतच. दर चार बिंदूंना उजेडाचे चार आकडे, मग रंगाचे दोन, असं सलग लिहिलेलं. ४,६०८ बाइट, म्हणजे नेमके नऊ सेक्टर. काहीच दाबलेलं नसल्यामुळे एक सेक्टर मेला तर फक्त तेवढी पाच-सहा ओळींची पट्टी जाते, बाकी चित्र शाबूत.

चार ओळींचा प्रोग्राम लिहून सगळ्या .४११ फाइली उलगडल्या. जिथे मोठं चित्र होळी झालंय तिथे नखाएवढं चित्र आहे. चेहरे ओळखू येत नाहीत, पण मांडव, निळी साडी आणि तिच्या डावीकडे उंच कोणीतरी, एवढं कळतं. घरच्यांना तेवढं पुरतं. काकूंनी उंचावरूनच नाव सांगितलं.

२ ऑगस्ट

बेलापूरच्या काकू. कॅमेरा भंगारात गेला, फ्लॉप्या राहिल्या. भावाने २००० साली दुबईहून आणलेला, एफडी७३ च. घरात कॉम्प्युटर नव्हता.

“मग फोटो बघायचात कुठे?”

“अहो, कॅमेऱ्यात! नाहीतर कोणाच्या तरी ऑफिसात प्रिंट.”

एफडी७३ मध्ये डिस्क कॉपीची सोय आहे. भरलेली फ्लॉपी घाला, मेनूतून कॉपी म्हणा, तो सगळं स्वतःच्या मेमरीत घेतो, मग कोरी फ्लॉपी घाला, तिच्यावर उतरवतो. कॉम्प्युटर लागत नाही. मी हे मॅन्युअलमधलं एक अडगळीतलं कलम समजत होतो. काकूंच्या सोसायटीत हाच कॅमेऱ्याचा मुख्य उपयोग होता. गणपतीत आरतीनंतर टेबल लावायचं, त्यावर कॅमेरा चार्जिंगला, आणि बिऱ्हाडांची रांग. कोरी फ्लॉपी आणा, भरलेली न्या. फोटोचे पैसे घ्यायचे नाहीत असा काकूंचा कटाक्ष. बी विंगमधल्या एकांनी जुन्या पगारपत्रकाची फ्लॉपी आणली होती, ती कॅमेऱ्याने पुसून टाकली. पुढे दोन दिवस जिन्यात शांतता.

काकूंच्या फ्लॉप्यांच्या इमेज घरी येऊन तपासल्या. विंडोज ९५ आणि ९८ ची एक खोड होती: न लॉक केलेली फ्लॉपी घातली की तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये आयएचसी अशी तीन अक्षरं आणि आधी काही सटरफटर बाइट गुपचूप लिहून ठेवायचं. डॉक्टरांच्या ज्या मोजक्या फ्लॉप्या दादरला जाऊन परत आल्या त्यांच्यावर ती खूण आहे. काकूंच्या एकाही फ्लॉपीवर नाही. म्हणजे लॉक न करता त्या कधी अशा कॉम्प्युटरला भेटल्याच नसाव्यात.

फोटो काढायचा आणि तिथेच देऊन टाकायचा, मॅव्हिकावाल्यांचा कॅमेरा हा असा होता. दर्जाबद्दल तीनही घरांत कोणी आपण होऊन बोललं नाही. रोलच्या फोटोला निगेटिव्ह घरी राहायची. इथे फ्लॉपी दिली की जे होतं ते सगळं दिलं. त्यामुळे कॅमेरेवाल्यांच्या कपाटात खराब आलेले, पुसलेले आणि अर्धवट फोटो आहेत, आणि चांगले फोटो ज्यांना दिले त्यांच्या माळ्यावर. प्रकल्पाची यादी उलटी करायला हवी. आजपासून नवा रकाना: ‘कोणाला दिला?’

१६ ऑगस्ट

दहीहंडी, नौपाड्यातून बाहेर पडणं अशक्य. घरी बसून तारखा जुळवल्या.

फाइलीवर तारीख-वेळ असते, पण कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं हे कशावरून? काकांच्या एका फ्लॉपीवर बॉलपेनने ‘ग्रहण’ लिहिलंय. आत करड्या आभाळाचे फोटो, एका कोपऱ्यात विजेची तार. सूर्य कुठेच नाही. ११ ऑगस्ट १९९९ चं ग्रहण: कच्छमध्ये खग्रास, आपल्याकडे खंडग्रास, आणि मुंबईवर पावसाळी ढग. फाइलींवर तारीख तीच, वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची. म्हणजे त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं आणि त्याच्या आगेमागे सलग काढलेल्या क्लेमच्या फोटोंच्या तारखांवर भरवसा ठेवता येतो. संपूर्ण साठ्यात सगळ्यात टाकाऊ दिसणारे फोटो हेच होते.

काकूंच्या कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र बॅटरी उतरली की मागे जायचं. तिथे गणपतीच्या आरासीवरूनच वर्ष काढावं लागेल. आरास कुठल्या वर्षी कसली होती ते सोसायटीच्या जुन्या वह्यांत असेल.

१३ सप्टेंबर

गणपती आटोपले, माणसं फोनवर सापडायला लागली. काकूंच्या सोसायटीतल्या पहिल्या दोन बिऱ्हाडांकडून फ्लॉप्या आल्या, एक डोंबिवलीहून, एक सानपाड्याहून. डोंबिवलीची फ्लॉपी स्वच्छ, पण माझ्या ड्राइव्हला दाद देत नाही. कॅमेऱ्याच्या हेडची जागा पुढे कधीतरी केसभर सरकल्यावर लिहिलेली असणार. ज्याने लिहिलं त्यालाच वाचता येतं, आणि तो कॅमेरा तर भंगारात. एक जादा ड्राइव्ह बळी देऊन त्याच्या हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरचे स्क्रू सैल केले आणि मोटर किंचित फिरवत गेलो. एका जागी यादी धडाधड वाचली गेली. तिथेच स्क्रू आवळून ड्राइव्हवर ‘बेलापूर’ असं लेबल लावलंय, ह्या सोसायटीच्या बाकी फ्लॉप्या ह्याच ड्राइव्हवर घ्यायच्या.

डोंबिवलीच्या फ्लॉपीत काकूंकडे नसलेले बरेच फोटो आहेत. कॉपी केल्यावर काकूंनी मूळ फ्लॉपी पुढच्या वर्षीसाठी कोरी केली असणार.

पनवेलच्या मेहुण्यांशी बोलणं झालं. मुंजीच्या फ्लॉप्या आहेत, पण कुठल्या बॅगेत ते बायकोला विचारून सांगतो म्हणाले. पुढच्या शनिवारी जायचं. जाताना अल्कोहोल, कवचासाठी कोऱ्या फ्लॉप्या आणि लॅपटॉपसकट ग्रीसवीझल बरोबर घ्यायचा. फ्लॉप्या घराबाहेर न्यायला त्यांची परवानगी नाही.